रानवाटेची मोटरसायकल : वेग कीं ओढ ?

मोटरसायकल म्हटली कीं सामान्य मनुष्याच्या मनांत पहिला विचार येतो तो वेगाचा. डांबरी सडकेपुरता हा विचार चुकीचा नाहीं. परंतु सडक संपून दगडगोट्यांची, चिखलाची, ओढ्यानाल्यांची वाट सुरू झाली, कीं यंत्राची परीक्षा निराळ्याच विषयांत होते. तेथें ताशीं शंभर किलोमीटर धांवण्याचें सामर्थ्य निरुपयोगी ठरतें. माणसाच्या चालीनें, इंजिन बंद न पडूं देतां, चढ चढण्याचें सामर्थ्य तेवढें कामास येतें. उभ्या चढावर इंजिन मध्येंच थांबलें, तर गाडी मागें घसरते आणि तिच्याखालीं स्वाराचा पाय सांपडतो. उलट जोर एकाएकीं उसळला, तर मागचें चाक जागच्या जागीं गरगरतें अथवा पुढचें चाक अधांतरीं उठतें. म्हणून गिअरांचें प्रमाण ठरविणें ही नुसती हौसेची बाब नसून हाडें शाबूत राखण्याची बाब आहे.

इंजिनाची शक्ति शेवटीं साखळीच्या द्वारें मागच्या चाकास पोंचते. या साखळीच्या पुढच्या टोकास लहान व मागच्या टोकास मोठें असें दांतेरी चाक असतें; कारागीर त्यांस स्प्रॉकेट म्हणतात. समजा, पुढें १४ दांते आहेत व मागें ४२. म्हणजे लहान चाकाचे तीन फेरे झाले कीं मोठ्याचा एक फेरा होतो. आतां पुढें १४ ऐवजीं १३ दांत्यांचें चाक बसविलें, तर हें प्रमाण ३.२३ होतें. परिणाम असा कीं, ओढ तेराव्या हिश्शानें वाढते व वेग चौदाव्या हिश्शानें उतरतो. इंजिनाच्या ज्या गतीवर गाडी ताशीं ७० किलोमीटर धांवत होती, त्याच गतीवर ती ६५ धांवेल. मागें ४२ ऐवजीं ४५ दांते केले, तरी जवळजवळ हेंच फळ मिळतें. मात्र पुढचें चाक फार लहान केल्यास साखळीस तीव्र वळण घ्यावें लागून ती लवकर झिजते, आणि मागचें फार मोठें केल्यास साखळीच अधिक लांब लागते. यांत शक्ति मुळींच वाढलेली नसते, हेंहि विसरतां कामा नये. जें वेगाच्या खात्यांतून काढलें, तेंच ओढीच्या खात्यावर जमा झालें, इतकेंच.

मग शक्तीच कां वाढवूं नये, असा प्रश्न साहजिक आहे. मोठा कार्ब्युरेटर, मोकळा सायलेन्सर, अधिक दाब देणारा पिस्टन, हे उपाय तरुणांस भुरळ घालतात. परंतु मोठ्या कार्ब्युरेटरांतून मंद गतीवर हवा सावकाश वाहते, पेट्रोल तिच्यांत नीट मिसळत नाहीं, आणि इंजिन नेमकें नाजूक क्षणीं अडखळतें. दाब वाढविला, तर इंजिन तापतें व हलक्या प्रतीच्या पेट्रोलावर ठोके देऊं लागतें. शर्यतीच्या मैदानावर, जेथें इंजिन सदैव भरधांव असतें, तेथें हे उपाय शोभतात. खडकाळ वाटेवर मात्र जड फ्लायव्हील अधिक उपकारक ठरतें. तें आपल्या जडपणानेंच इंजिनाचे फेरे चालू ठेवतें व जोर हळुवारपणें चाकास देतें.

स्कॉटलंडमधील सहा दिवसांची प्रसिद्ध कसोटी या दृष्टीनें उद्बोधक आहे. तींत पाय जमिनीस टेकला कीं दोषगुण मिळतात. घाईपेक्षां तोलास महत्त्व असतें. सॅमी मिलर यानें १९६४ सालीं ही स्पर्धा ४९७ घनसेंटिमीटरांच्या एरियल गाडीवर जिंकली. पुढच्याच वर्षीं, १९६५ सालीं, तीच स्पर्धा त्यानें स्पेनमधील बुल्टाको गाडीवर जिंकली. तिचें इंजिन अवघें २४४ घनसेंटिमीटरांचें, म्हणजे निम्म्याहूनहि लहान होतें. पण गाडी हलकी व स्वाराच्या आज्ञेंत राहणारी होती.

हिमालयांत या प्रश्नास आणखी एक बाजू येते. खारदुंग ला ही खिंड ५,३०० मीटरांहून अधिक उंच आहे. तेथें हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच अधिक असतो. कार्ब्युरेटरच्या गाडीस तेथें पेट्रोल प्रमाणाबाहेर मिळून ती काळा धूर ओकते, म्हणून लहान जेट बसवावा लागतो. इंधन फवारणीच्या नव्या गाड्या हें प्रमाण आपोआप सांभाळतात. परंतु विरळ हवेनें हिरावलेली शक्ति त्यांनाहि परत मिळत नाहीं. अशा वेळीं पुढचा एक दांता कमी केलेला असणें हाच खरा आधार होतो.

तात्पर्य, फेरफारांत क्रम पाळणें हें शहाणपणाचें. प्रथम जावयाची वाट कोणती, तें ठरवावें. नंतर हवेची गाळणी स्वच्छ करावी. ती काढून टाकूं नये, कारण आंत गेलेली धूळ पिस्टन खाऊन टाकते. मग अनावश्यक ओझें उतरवावें आणि एका दांत्याचा फरक करून पाहावा. तो न मानवल्यास जुनें चाक परत बसवितां येतें. कापलेला, घासलेला धातु मात्र परत येत नाहीं. भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्यानें दिलेल्या तपशिलाहून भिन्न फेरफारांस कांहीं अपवाद सोडल्यास मनाई करतें, हेंहि हत्यार हातीं घेण्यापूर्वीं ध्यानांत असावें. घरांतील तरुणानें इंजिन उघडण्याची गोष्ट काढली, तर वडील मंडळींनीं त्यास इतकेंच विचारावें : गाडीला वेग कमी पडतो, कीं ओढ ? बहुतेक वेळां उत्तर इंजिनांत नसून साखळीच्या दोन टोकांशीं सांपडतें.