ठसका थांबल्यावर



सोलापूरची शेंगाचटणी आज या परिषदेत पानात असेलच. पण दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या श्वासमार्गातून आपल्याकडे सर्वाधिक वेळा निघतो तोही शेंगदाणाच. या वयात दाढा पुरत्या आलेल्या नसतात. दाणा फुटतो, बारीक होत नाही. मूल खाता खाता हसते, रडते, पळते आणि तुकडा श्वासाबरोबर आत जातो. चिंचोका, सीताफळाची बी, जत्रेतल्या खेळण्यातली शिट्टी, बारीकसा एलईडी दिवा यांचीही हीच वाट.

मूल ठसकते, निळे पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा खेळू लागते. घर निर्धास्त होते. दाणा मात्र खाली, बहुतेकदा उजव्या श्वासनलिकेत, जाऊन बसलेला असतो. त्यातल्या तेलाने आतले अस्तर सुजते. मग खोकला, घरघर, ताप. आणि दम्याची किंवा न्यूमोनियाची औषधे सुरू होतात. एक्स-रेत शेंगदाणा दिसत नाही, दिसलीच तर एक बाजू फुगलेली दिसते. म्हणून फिल्म स्वच्छ असली तरी ‘खाताना एकदम ठसका लागला होता का?’ हे विचारलेच पाहिजे, आणि तेही आजीला. आईवडील कामावर असतात. तो क्षण पुष्कळदा तिनेच पाहिलेला असतो.

1897 साली फ्रायबुर्गमध्ये गुस्ताफ किलियन यांनी सरळ नळी घालून एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतले हाड काढले. फिलाडेल्फियाच्या शेव्हालिए जॅक्सन यांनी रुग्णांनी गिळलेल्या, श्वासात ओढलेल्या 2,374 वस्तू जपून ठेवल्या. त्या तिथल्या म्युटर संग्रहालयात आहेत. या दोघांच्या काळापेक्षा आजची श्वासमार्गाची दुर्बीण कितीतरी सरस आहे. मूल तिच्यापर्यंत वेळेत पोहोचणे मात्र अजूनही अडते, आणि या परिषदेने सर्वाधिक वेळ त्यावरच खर्चावा, अशी स्वागत समितीची इच्छा आहे.

श्वास पूर्ण कोंडला तर दवाखाना गाठण्याइतकाही वेळ नसतो. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच बंद झाला, तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून पाठीवर पाच थापा, मग उताणे करून छातीवर पाच दाब. वर्षावरच्या मुलाला थापांनंतर पोटावर दाब. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, ती आणखी खाली सरकते.

दुपारी हे बाहुल्यांवर करून दाखवले जाईल. पुढच्या रांगा अंगणवाडी सेविकांसाठी राखल्या आहेत. डॉक्टरांनी त्यांच्या मागे बसावे, ही विनंती.