शिष्यवृत्ती ही भीक नव्हे
(पाली येथील सभेंत झालेलें भाषण)



वादळाला न भिणाऱ्या पालीच्या कोळ्यानें कचेरीच्या कागदाला कां भ्यावें? सयाजीराव महाराजांनीं भीमराव आंबेडकरांस कॉलेजांत असतां दरमहा २५ रुपये दिले, व १९१३ सालीं शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस धाडिलें. त्याचें फळ साऱ्या देशास मिळालें!

आज राजर्षी शाहू महाराजांच्या नांवाची शुल्क-शिष्यवृत्ती आहे. खुल्या वर्गांतील ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरांस ती ठराविक अभ्यासक्रमांसाठीं मागतां येते. इतर वर्गांस त्यांच्या योजना आहेत. अर्ज 'महाडीबीटी'वर मुदतींत भरावा लागतो, आणि तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावांचून तो अडतो. जून-जुलैंत मासेमारी बंद असते. तेव्हांच दाखले काढा. ही भीक नव्हे, आपण भरलेल्या करांतला आपला वांटा आहे. एका कागदापायीं एकाही मुलीचें कॉलेज सुटतां कामा नये!