खाण, माती आणि पाच बोटे



या वसंतमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा ‘एकदा फळलेली जोडी पुन्हा जुळवावी काय?’ असा विषय आम्ही कळविला. तो विवाहासंबंधी असावा असे समजून कोणी आले असतील, तर त्यांची थोडी निराशा होणार आहे. आज बोलावयाचे आहे ते घोडे, गायीगुरे आणि शेळ्या यांच्याविषयी. मात्र ज्यांच्या दावणीला एकही जनावर नाही अशा मंडळींनी लगेच उठून जाऊ नये. एका यशावरून पुढच्या यशाची खात्री बाळगणे, हा मोह केवळ गोठ्यातलाच नाही.

आपल्या घरची मुले मोबाइलवर नाना खेळ खेळतात. त्यांत घोड्यांच्या शर्यतीचा एक प्रकार आहे; नुसते घोडे पळविण्याचा नव्हे, तर घोडे पैदा करण्याचा. १९९१ साली जपानात ‘डर्बी स्टॅलियन’ नावाचा असा एक खेळ निघाला आणि तिकडे तो फार लोकप्रिय झाला. खेळणाऱ्याने घोडी निवडावयाची, तिला नर निवडावयाचा, शिंगरू वाढवावयाचे आणि शर्यतीत उतरवावयाचे. शिंगरू चांगले निघाले की खेळणाऱ्याच्या मनात पहिला विचार कोणता येतो? तीच घोडी, तोच घोडा, पुन्हा एकदा! अशा खेळांत पुष्कळदा ते साधतेही. कारण खेळ रचणाऱ्याने आत एक कोष्टक मांडलेले असते आणि अमक्या वंशाला अमका वंश जुळला की गुण वाढावेत, असा नियम त्यात घालून ठेवलेला असतो. शिवाय शिंगरू मनासारखे निघाले नाही, तर जपून ठेवलेला जुना डाव पुन्हा उघडता येतो. बिघडलेले शिंगरू जणू जन्मलेच नव्हते, असे ठरते.

आता ही मौज मोबाइलात ठेवून आपल्या जिल्ह्यातल्या नेकनूरच्या गुरांच्या बाजारात चला. तेथे खोंडाचे दात पाहिले जातात, खूर पाहिले जातात, चाल पाहिली जाते. आणि मग हळूच विचारले जाते, ‘कुणाच्या गायीचा? कोणत्या वळूचा?’ ज्या गायीच्या पोटी पूर्वी नामांकित खोंड झाला, तिच्या पोटच्या दुसऱ्या खोंडाला मालक अधिक किंमत सांगतो आणि गिऱ्हाईकही ती मानेने नाकारीत असले तरी मनाने मान्य करते. आपल्या भागात या गोष्टीला मोल आहे. येथील हजारो कुटुंबे दरसाल ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात. त्यांतल्या गाडीवानांचा सगळा हंगाम बैलजोडीच्या खांद्यावर उभा असतो. तांबड्या अंगाचा लाल कंधारी बैल आपल्याकडे नावाजला गेला तो याच कष्टामुळे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू करण्यास मुभा मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. तेव्हापासून जिंकणाऱ्या खोंडाच्या आईबापांची चौकशी अधिकच कान देऊन होऊ लागली आहे. म्हणून प्रश्न खरा आहे: त्याच गायीला तोच वळू पुन्हा दाखविला, तर तसाच खोंड होईल काय?

याचे उत्तर शोधावयाचे तर जेथे पिढ्यान्‌पिढ्यांचे दप्तर लिहिलेले आहे तेथेच गेले पाहिजे. आपल्या गोठ्यात ते दप्तर फारसे नाही. शर्यतीच्या घोड्यांचे मात्र आहे. इंग्लंडात १७९१ सालापासून घोड्यांच्या वंशावळी छापल्या जात आहेत आणि जगभरचे शर्यतीचे घोडे त्याच मुळांकडे जाऊन पोहोचतात.

त्या दप्तरातली एक हकीकत ऐका. अमेरिकेत ‘समथिंगरॉयल’ नावाची एक घोडी होती. तिला ‘बोल्ड रूलर’ हा मोठ्या कीर्तीचा घोडा लागोपाठ दोन वर्षे दाखविण्यात आला. घोड्याचा मालक एक, घोडीचा मालक दुसरा. तेव्हा होणाऱ्या शिंगरांची वाटणी त्यांनी १९६९ साली नाणे उडवून केली. नाणेफेक जिंकली ओग्डेन फिप्स यांनी. त्यांच्या वाट्याला समथिंगरॉयलची १९६९ साली जन्मलेली शिंगी आली. हरलेल्या पेनी चेनरी यांच्याकडे पुढच्या साली जन्मणारे शिंगरू राहिले. जिंकलेल्याची शिंगी ‘द ब्राइड’ चार वेळा धावली आणि एकदाही जिंकली नाही. हरलेल्या पक्षाला मिळालेले १९७० चे शिंगरू म्हणजे ‘सेक्रेटेरियट’! त्याने १९७३ साली अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या. त्यांतली शेवटची, बेलमाँटची, दीड मैलांची शर्यत तर त्याने २ मिनिटे २४ सेकंदांत, ३१ घोडेलांबींनी मारली आणि तो विक्रम आजही मोडलेला नाही. आई तीच, बाप तोच, जन्मात अंतर एका वर्षाचे. एक बहीण, एक भाऊ. एकीला चार शर्यतींत एक जय नाही आणि दुसऱ्याला जगात जोड नाही.

तर मग पुनरावृत्ती फोलच म्हणावयाची काय? तसेही नाही. ‘गॅलिलिओ’ हा घोडा आणि ‘काइंड’ ही घोडी यांच्यापासून २००८ साली ‘फ्रँकेल’ जन्मला. तो १४ वेळा धावला आणि १४ वेळा जिंकला. त्याच जोडीपासून पुढच्याच साली ‘नोबल मिशन’ जन्मला. तो भावासारखा अजिंक्य नव्हता. परंतु त्यानेही पहिल्या दर्जाच्या तीन शर्यती जिंकल्या. म्हणजे तीच जोडी कधी निराशा देते, कधी चांगले देते. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. तोच प्राणी पुन्हा मिळाला नाही.

असे का होते? आपल्या पूर्वजांनी दोन म्हणी करून ठेवल्या आहेत. एक म्हणते, ‘खाण तशी माती.’ दुसरी म्हणते, ‘हाताची पाची बोटे सारखी नसतात.’ वादात आपण सोयीप्रमाणे एक पुढे करतो आणि दुसरी विसरतो. आमचे म्हणणे इतकेच आहे की, या दोन्ही म्हणी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि जनावरांच्या पैदाशीचे निम्मे शहाणपण त्या दोन्ही एकत्र ध्यानात ठेवण्यात आहे.

घोड्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या ३२ जोड्या असतात. गायीच्या आणि शेळीच्या ३०. पिलाला आईकडून प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र मिळते, बापाकडूनही एकच. कोणत्या जोडीतले कोणते यावयाचे याला नेम नाही. जणू प्रत्येक जोडीसाठी एक नाणे उडविले जाते. तीस नाणी उडविली तर एकट्या गायीच्या बाजूनेच १०७ कोटींहून अधिक निरनिराळे मेळ होऊ शकतात. घोडीच्या बाजूने ते ४२९ कोटींच्या वर जातात. तितकेच मेळ बापाच्या बाजूने. आणि जोडीतली दोन गुणसूत्रे आपापले तुकडे अदलाबदल करतात तो हिशेब यात धरलेलाच नाही. फिप्स आणि चेनरी यांनी एक नाणे उडविले. निसर्गाने त्याआधीच चौसष्ट उडविली होती. त्याच गायीला तोच वळू दाखविणे म्हणजे तोच पत्त्यांचा जोड पुन्हा पिसून वाटणे होय. जोडात हुकमाची पाने पुष्कळ असतील तर चांगला हात येण्याचा संभव मोठा. पण मागचाच हात पुन्हा येईल या आशेवर पैज लावू नये. जोडातली पाने म्हणजे खाण, आणि हातात आलेली पाने म्हणजे बोटे.

याखेरीज आणखी एक गोष्ट आहे, आणि ती खिशाला अधिक झोंबणारी आहे. जो गुण आपण डोळ्यांनी पाहतो तो सगळा रक्तातला नसतो. समजा, एका कळपातील गायी सरासरी ४ लिटर दूध देतात आणि त्यांतली एक गाय ८ लिटर देते. अंतर झाले ४ लिटरांचे. परंतु दुधातल्या अशा फरकाचा साधारण चौथा हिस्साच वंशातून उतरणारा असतो. बाकीचा चारा, पाणी, वेत, निगा आणि नशीब यांचा. तेव्हा वंशातला वाटा झाला १ लिटर. त्यातला निम्मा कालवडीला मिळणार, कारण निम्मे रक्त वळूचे. वळू बेताचाच असेल, तर कालवडीकडून अपेक्षा धरावी साडेचार लिटरांची. आणि बाजारात तिची किंमत तर आठ लिटरवालीची मुलगी म्हणून ठरते! गिऱ्हाईक नाडले जाते ते येथे. विकणारा खोटे बोललेला नसतो. गाय आठ लिटर देतच होती.

सगळे गुण सारखे उतरतात असेही नाही. अंगाचा रंग बहुतेक जन्मजातच ठरतो, म्हणून रंगाच्या बाबतीत जोडी सहसा दगा देत नाही. दूध मध्यम उतरते. आणि वेतात किती करडे व्हावीत, हा गुण फारच थोडा, शंभरांत दहाच्या आसपास, वंशावर अवलंबून असतो. आपल्याकडची काळी उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, शेळीने आपले जुने नाव सोडले नाही. शेळी-मेंढी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र तर आपल्या या अंबाजोगाईतच आहे. एखाद्या शेळीने एका वेताला तिळी दिली म्हणून तोच बोकड शोधीत चार गावे हिंडणारा मनुष्य पायांना शीण देतो, इतकेच. गाभण राहण्याआधी त्या शेळीला मूठभर धान्य आणि हिरवा पाला अधिक घातला असता, तर त्याचा उपयोग अधिक झाला असता.

आता श्रेयाचा प्रश्न. चांगला खोंड निघाला, तर मान कोणाचा? गायीचा, वळूचा की दोघांच्या जुळण्याचा? तीच जोडी दहा वेळा जुळविली तरी याचे उत्तर मिळणार नाही. कारण दोघे नेहमी एकत्रच आले. समथिंगरॉयलला १९५९ साली दुसऱ्याच घोड्यापासून ‘सर गेलॉर्ड’ नावाचा शिंगरू झाला होता आणि तोही नावाजलेला निघाला. तेव्हा कुठे कळते की, घोडीच मोलाची होती. वळूची परीक्षाही अशीच होते. वेगवेगळ्या घरच्या, वेगवेगळ्या कुवतीच्या पुष्कळ गायी त्याला दाखवावयाच्या आणि मग त्याच्या सगळ्या लेकींचे दूध मोजावयाचे. दुधाच्या व्यवसायात वळू पारखले जात आले ते या रीतीने, एका गाजलेल्या पोरावरून नव्हे.

तीच जोडी पुन्हा जुळविण्यात स्वतःहून दोष नाही. दोष पुढे निघतो. एका गाजलेल्या वळूमागे सारे गाव लागते. तीनचार वर्षांत त्याच्याच कालवडी माजावर येतात आणि गावात वळू तोच असतो. बाप आणि लेक यांच्यापासून झालेल्या वासरात शंभर जागांपैकी सरासरी २५ जागी दोन्ही बाजूंची गुणबीजे एकाच मूळ बीजाच्या नकला असतात. सख्ख्या भावंडांतही तेच प्रमाण, सावत्र भावंडांत साडेबारा. लपून राहिलेले वैगुण्य मग उघडे पडते. गायी उलटू लागतात, वासरे अशक्त निपजतात. लोक म्हणतात, ‘वाण बिघडले.’ वाण बिघडलेले नसते. दार बंद करून घेतलेले असते.

मग करावे काय? आमच्या मते चार गोष्टी. पहिली, जोडीचा हिशेब मांडताना सगळी अपत्ये मोजावी. गाजलेले एक धरून मेलेली, रोडकी, विकून टाकलेली विसरू नये. दुसरी, त्याच साली त्याच चाऱ्यावर वाढलेल्या इतर जनावरांशी तुलना करावी. तिसरी, गाय आयुष्यात मोजकीच वेते देते आणि प्रत्येकाला नऊ महिने लागतात, घोडीला अकरा. तेव्हा त्यांतली काही वेते दुसऱ्या चांगल्या वळूसाठी राखावी, म्हणजे ज्ञानही वाढते आणि रक्तही मोकळे राहते. चौथी, लिहून ठेवावे. आज गुरांच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो, कृत्रिम रेतनाच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. हे दोन आकडे एका साध्या वहीत, व्यायल्याच्या तारखेसह उतरविण्यास दोन मिनिटे लागतात. घोडेवाल्यांपाशी दोनशे वर्षांचे दप्तर आहे; आपल्यापाशी निदान दहा वर्षांचे असावे.

मोबाइलातल्या खेळात डाव मागे नेता येतो. गोठ्यात तो येत नाही. जन्मलेले वासरू बापाच्या नावासारखे नसले, तरी ते दावणीला राहणार, चारा खाणार. दुष्काळ पडला तर छावणीतही न्यावे लागणार. म्हणून त्याच्याकडून भावाची बरोबरी मागू नये. त्याच्या अंगी जे असेल ते पाहावे, मोजावे आणि त्याप्रमाणे त्याची किंमत करावी. चांगल्या जोडीवर विश्वास जरूर ठेवावा, खाण चांगली आहे एवढ्यापुरता. बोट मात्र प्रत्येक वेळी नवे असते.