सर्वांनी लिहायचा ग्रंथ



आपल्या जिल्ह्यात नेवासे येथे शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली. तेव्हा छापखाने नव्हते. एकाची पोथी पाहून दुसरा उतरवून घेई. त्यात कुणाचा शब्द चुके, कुणी पदरची ओवी घाली. पुढे शके 1506 मध्ये पैठणच्या एकनाथमहाराजांनी पोथ्या ताडून पाहिल्या व पाठ शुद्ध केला.

आजही अनेक हातांनी लिहिला जाणारा एक ग्रंथ आहे. त्याचे नाव विकिपीडिया. तो कागदावर नाही, मोबाइलवर वाचायचा. 2001 साली तो इंग्रजीत निघाला. मराठीत 1 मे 2003 रोजी सुरू झाला. ‘विकी’ हा हवाई बेटांतला शब्द. त्याचा अर्थ झटपट.

डॉ. केतकरांनी ज्ञानकोश केला, तो विद्वान मंडळी जमवून. इथे तसे नाही. ‘संपादन’ हा शब्द दाबावा आणि लिहावे. शेतकऱ्याने लिहावे, शिक्षकाने लिहावे.

मग कोणी खोटे लिहिले तर? आम्हांलाही हीच शंका आली. तलाठ्याकडची फेरफाराची वही तुम्हांला ठाऊक आहे. सातबाऱ्यावर नाव कसे बदलले, ते तिच्यात सापडते. इथेही तसेच आहे. ‘इतिहास’ दाबला की कोणी, कधी, काय बदलले ते दिसते. जुना मजकूर पुसला जात नाही. चुकीचा बदल मागे घेता येतो. वाद झाला तर ‘चर्चा’ पानावर बोलायचे. खोडसाळपणा करीत राहणाऱ्याला प्रचालक अडवतात. आणि लिहिलेल्या गोष्टीला पुस्तकाचा, वर्तमानपत्राचा असा आधार द्यावा लागतो. ऐकीव गोष्ट चालत नाही.

पण वही असून भागत नाही. ती कोणी उघडून पाहिली पाहिजे. मोठ्या शहराचे पान पुष्कळ लोक पाहतात. लहान गावाच्या पानाकडे कोण पाहणार? तिथली चूक वर्षानुवर्षे तशीच राहते. मुले ती वहीत उतरवतात. मग लोक म्हणतात, लिहिलेले आहे, म्हणजे खरेच!

अंगठा उठवत होतो, तोवर आपल्याविषयी दुसऱ्याने लिहावे आणि आपण मान डोलवावी, असेच चालले. आता अक्षर आपल्या हाती आले आहे. तेव्हा घरी गेल्यावर नातवाकडून आपल्या गावाचे पान उघडून घ्या. स्वतः वाचा. चूक दिसली तर आधी आधार शोधा, मग दुरुस्त करा. गावाची बढाई मात्र मारू नका. पदरची ओवी तिथेही नकोच.