पुरावा कोणाच्या दप्तरी?



तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. आज मी बोलणार आहे ते त्याच जिल्ह्यातल्या, पण आपल्या बखरींत न सापडणाऱ्या कदिरामंगलम या गावाबद्दल.

३० जून २०१७ रोजी तिथे ओएनजीसीच्या पाइपलाइनला गळती लागली आणि कच्चे तेल शेतात पसरले. लोक जमले. जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः यावे म्हणून अडून बसले. गवत पेटले, लाठीमार झाला, आणि मिथेनविरोधी चळवळीतले प्रा. टी. जयरामन यांच्यासह काही जण अटकेत गेले. जामीन मिळायला ऑगस्ट उजाडला. आपण कायद्याची माणसे आहोत, म्हणून क्रम नीट पाहा. गळतीच्या जागी सर्वांत आधी पोहोचला तो फौजदारी कायदा, आणि तोही गावकऱ्यांविरुद्ध. भरपाईचा कायदा चालत येतो. कधी कधी येतच नाही.

कावेरीच्या खोऱ्यात तेलाचा शोध १९६० च्या दशकापासून चालू आहे. मेट्टूर धरणाचे पाणी जूनमध्ये सुटले की कुरुवै, मग सांबा, असा भाताचा फेरा चालतो आणि त्याच शिवाराखालून तेल-वायूच्या नळ्या जातात. अशा नळ्यांसाठी १९६२ चा कायदा आहे. त्यात जमीन विकत घेतली जात नाही, फक्त वापरहक्क घेतला जातो. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. पण त्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. मोबदला बाजारभावाच्या १० टक्के. एकदा दिलेल्या या दहा टक्क्यांत पुढची सगळी वर्षे शेजारी राहण्याचा धोकाही धरलेला आहे, असे समजायचे काय? मला तो हिशेब कधीच पटला नाही.

जयरामन यांची चळवळ ज्याविरुद्ध होती, त्या मन्नारगुडी भागातल्या मिथेन प्रकल्पाचा करार २०१० चा. त्याविरुद्ध गावोगाव फिरत असतानाच, ३० डिसेंबर २०१३ ला, नैसर्गिक शेतीचे ज्येष्ठ कार्यकर्ते जी. नम्माळ्वार गेले. २०१५ मध्ये राज्य सरकारने त्या प्रकल्पाला कायमचा नकार दिला. पुढे १६ जानेवारी २०२० ला केंद्राने तेल-वायूच्या शोधविहिरी ‘बी-२’ वर्गात टाकल्या. म्हणजे जनसुनावणी नाही, पर्यावरण आघात अहवालही नाही. पाच आठवड्यांत, २० फेब्रुवारीला, तमिळनाडू विधानसभेने संरक्षित कृषी क्षेत्राचा कायदा केला आणि त्या क्षेत्रात नव्या तेलविहिरी, मिथेन, शेल वायू यांना बंदी घातली. युक्ती पाहण्याजोगी आहे. तेलक्षेत्रे संघसूचीत, शेती आणि जमीन राज्यसूचीत. म्हणून राज्याने तेलावर कायदा केला नाही, शेतीवर केला. त्या मसुदाकाराला मी मनातून मुजरा करतो.

पण त्याच कायद्यात आधीपासून चालू असलेल्या कामांना अभय आहे. कदिरामंगलमची पाइपलाइन आधीचीच. ज्या गावामुळे हा प्रश्न घरोघरी पोहोचला, त्या गावाला उद्याच्या विहिरीपासून संरक्षण मिळाले, कालच्या नळीपासून नाही. शिवाय क्षेत्राची हद्द संपली की बंदीही संपते. रामनाथपुरम जिल्ह्यात २०२५ मध्ये २० चाचणी विहिरींना परवानगी मिळाली, आणि नंतर राज्य सरकारलाच ती मागे घ्या म्हणावे लागले.

आता भरपाईचे. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीनंतर, डिसेंबर १९८६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घातक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपेक्ष आहे. हयगय सिद्ध करण्याची गरज नाही. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातही दोषाविना दायित्वाचे तत्त्व आहे. आपण ही वाक्ये भाषणांत अभिमानाने म्हणतो. पण दोष सिद्ध करावा लागत नसला, तरी नुकसान सिद्ध करावेच लागते, आणि ते या तेलामुळेच झाले हेही. विहिरीचे पाणी पूर्वी गोड होते, हे शेतकऱ्याने कशाच्या आधारावर सांगायचे? त्याच्याकडे आईची आठवण असते. कंपनीकडे प्रयोगशाळेचा कागद. प्रकल्पाआधीच्या पाण्याची मोजणी होते तेव्हा ती कंपनीने नेमलेला सल्लागार करतो, आणि ‘बी-२’ मध्ये तर त्या अहवालाचीही अट नाही. त्यातून न्यायाधिकरणाकडे भरपाई मागायला मुदत पाच वर्षांची, कारण प्रथम घडल्यापासून. भूजल इतक्या शिस्तीने बिघडत नाही. अशा वेळी निरपेक्ष जबाबदारीचे तत्त्व निकालपत्रातच राहते आणि दावा पुराव्याच्या पहिल्याच पायरीवर अडतो.

हे दूरचे आहे असे मानू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागून माणसे गेली. आसामात बागजानची विहीर २७ मे २०२० ला फुटली आणि ती बंद करायला नोव्हेंबर उजाडला. नाणार आणि बारसूत आपण रिफायनरीच्या जागेवरून भांडलो, आणि ते भांडायलाच हवे होते. पण उरणच्या भोवतालच्या गावांतल्या विहिरींची आजची मोजणी आपल्यापैकी कोणाच्या कपाटात आहे?

म्हणून दुपारच्या सत्रापुढे मी एक ठराव ठेवतो. तेल किंवा वायूची नळी जिथून जाते, तिथल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत विहिरी, तळी आणि शेतमातीच्या तपासणीची नोंदवही असावी. खर्च कंपनीचा, प्रयोगशाळा ग्रामसभेने निवडलेली, आणि नोंद नसेल तर ‘प्रदूषण आमचे नाही’ हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर. शेवटच्या कलमाला विरोध होईल, याची मला कल्पना आहे. आपल्यातले काही जण तेल कंपन्यांची वकीलपत्रे घेतात. त्यांनी विरोध उघडपणे, याच सभागृहात करावा. मसुदा दारापाशी ठेवला आहे, दुरुस्त्या दोन वाजेपर्यंत द्याव्यात.