स्वयंपाकघरांतील मोरी : कोणती व कशी घ्यावी?



नवें घर बांधावयाचें ठरलें म्हणजे देवघर कोठें असावें, बैठकीची खोली केवढी असावी, जिना आंतून घ्यावा कीं बाहेरून, यांवर घरांत रात्र रात्र चर्चा चालते. परंतु घरांतील बाई दिवसांतून तीन-चार वेळां जेथें उभी राहते, त्या भांडीं घासण्याच्या जागेविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. ओटा बसविणारा कारागीर बाजारांतून एक चकचकीत सिंक उचलून आणतो, ग्रॅनाइटला भोंक पाडतो, आणि पुढचीं वीस वर्षें त्या भोंकाशीं सर्व घराला जमवून घ्यावें लागतें. म्हणून आज या वरकरणी क्षुल्लक विषयावर बोलण्याचें मीं योजिलें आहे. डोळ्यांपुढें ठेविलीं आहेत तीं गोंदिया जिल्ह्यांतील घरें. कारण पुण्या-मुंबईच्या दुकानांतील सल्ला आमच्या या भाताच्या मुलखाला जसाच्या तसा लागू पडत नाहीं.

आमच्याकडील जुन्या घरांतून मोरी जमिनीलगत असे, आणि बहुधा परसांत. दगडी फरशी, भोंवतीं वीतभर उंचीचा कठडा आणि पाणी वाहून जाण्यास एक नाली, एवढाच तिचा थाट. खरकटें स्वयंपाकघरांत येत नसे. सांडपाणी केळींना व अळवाला मिळे. आणि केवढाही मोठा गंज वा कढई असो, ती तेथें आडवी पडून घासली जाई. हे गुण लहान नव्हेत. परंतु त्यांची किंमत बाईच्या गुडघ्यांनीं व कंबरेनें भरलेली असे. पावसाळ्यांत ओल्या फरशीवर उकिडवें बसून वीस-पंचवीस भांडीं घासणें म्हणजे काय, हें ज्यानें एकदांही केलें नाहीं त्यालाच जुन्या मोरीचा फार उमाळा येतो! उभ्यानें काम करतां येणें हा सिंकचा खरा लाभ होय, आणि तो लाभ पदरांत पडतो कीं नाहीं, ही निवडीची पहिली कसोटी.

येथेंच बहुतेक घरें फसतात. ओट्याची उंची सामान्यतः ८५ सेंटिमीटरच्या आसपास असते. त्यांत दहा इंच खोल सिंक बसविलें कीं त्याचा तळ जमिनीपासून अवघ्या साठ सेंटिमीटरवर येतो. पांच फूट उंचीच्या बाईला तेथवर हात पोंचविण्यासाठीं सारखें वांकावें लागतें. म्हणजे गुडघे सुटले, पण पाठ धरली. यावर उपाय सोपा आहे. भिंतीशीं सरळ उभें राहून हात खालीं सोडावे व मूठ मिटावी. मूठ जेथें येईल, साधारण तेथेंच सिंकचा तळ यावा. पांच फूट उंचीला हें माप सुमारें ६५ सेंटिमीटर भरतें, म्हणजे नेहमींच्या ओट्याला आठ इंच खोली पुरे. याहून उथळ घेतलें तर पाणी अंगावर उडतें. अधिक खोल हवेंच असेल, तर तेवढा ओटा उंच करावा. आणि माप घ्यावयाचें तें भांडीं घासणाऱ्या व्यक्तीचें, घराच्या मालकाचें नव्हे. घरीं भांड्यांना बाई येत असेल तर तिलाही उभें करून पाहावें. पाठ तिलाही आहे.

आतां लांबी-रुंदीविषयीं. दुकानांत दोन खणांचें सिंक मोठें रुबाबदार दिसतें. परंतु त्याचा एकेक खण लहान होतो, आणि भाताचा मोठा गंज त्यांत आडवा होत नाहीं. मग तो काठावर तिरपा धरून घासावा लागतो व निम्मी घासणी ओट्यावर सांडते. माझ्या मतें आमच्याकडे एकच ऐसपैस खण बरा. घरांतील रोजच्या वापराचें सर्वांत मोठें भांडें बरोबर घेऊन दुकानांत जावें आणि तें आंत ठेवून पाहावें. दुकानदार हंसला तर हंसूं द्यावा. दोन खणांचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे, तो पाण्याच्या काटकसरीचा. मोकळा सोडलेला नळ मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज ओततो. एका खणांत पाणी भरून त्यांत भांडीं विसळलीं तर हा नाश टळतो. पण मोठ्या खणांत एक घमेलें ठेवूनही तें साधतें. ज्या मुलखांत कोहळी लोकांनीं नवेगांवबांधासारखे तलाव बांधून पावसाचें पाणी अडविलें, तेथें वैशाखांत नळ मोकळा सोडणें शोभत नाहीं.

धातूविषयीं थोडें अधिक सांगावयास हवें, कारण फसवणूक होते ती येथें. न गंजणारें पोलाद १९१३ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं तयार केलें. त्याचा गुण मुख्यतः त्यांतील क्रोमियम धातूमुळें येतो. '३०४' या जातींत शेंकडा १८ च्या सुमारास क्रोमियम व ८ च्या सुमारास निकेल असतें. '२०२' या स्वस्त जातींत निकेल कमी करून मँगनीज घातलेलें असतें; तें दिसावयास तसेंच, पण डाग व गंज लवकर धरतें. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवितात व "चिकटत नाहीं, अर्थी अस्सल" असें म्हणतात. या परीक्षेवर विसंबूं नये. '२०२' लाही चुंबक सहसा चिकटत नाहीं. पावतीवर जात लिहून घ्यावी, व भारतीय मानक ब्यूरोची खूण आहे कीं नाहीं तें पाहावें. पत्रा एक मिलिमीटरहून पातळ नसावा. 'गेज'चा आंकडा उलटा चालतो, १८ गेज जाड व २० गेज पातळ, हें ध्यानांत असावें.

क्वार्ट्‌झची भुकटी व राळ यांचीं काळीं-करडीं सिंकेंही आतां मिळतात. तीं सुंदर दिसतात, चरे कमी पडतात. मात्र बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग त्यांच्यावर फार उठून दिसतात. चिनी मातीचें सिंक पितळी गुंड हातून निसटला कीं टवका सोडतें.

आणि पोलादाचें घेतलें तरी एक पथ्य आमच्या जिल्ह्यालाच विशेष लागू आहे. येथें भाताच्या गिरण्या पुष्कळ. त्यामुळें तुसाच्या राखेनें भांडीं घासण्याची रीत अनेक घरीं चालत आली. या राखेंत शेंकडा ८० हून अधिक भाग सिलिका असते, म्हणजे जवळजवळ वाळूच. पितळेला ती उजळविते, परंतु सिंकच्या तळाला ओरखडे पाडते व नळींत बसून घट्ट होते. राखेचीं भांडीं परसांतील मोरीवरच न्यावींत. म्हणूनच माझें आग्रहाचें सांगणें आहे कीं, सिंक आलें म्हणून जुनी मोरी फोडूं नये. लग्नकार्याचीं पातेलीं, राखेची घासणी व चिखलाची भाजी यांसाठीं ती लागतेच.

राहतां राहिली नळी. सिंकखालीं जी वांकडी नळी असते, तिच्या वळणांत थोडें पाणी सदैव सांचून राहतें व तेंच गटाराचा वास आणि झुरळें अडवितें. हें वळण अलेक्झांडर कमिंग नांवाच्या घड्याळजीनें १७७५ मध्यें शौचकूपासाठीं योजिलें; तेंच तत्त्व आज आपल्या ओट्याखालीं आहे. कारागीर कित्येकदां खर्च वांचविण्यासाठीं सरळ लवचीक नळी नालींत सोडून देतो. ती मुळींच चालवून घेऊं नये. वळणाला हातानें उघडतां येणारें झांकण असावें, कारण भाताचीं शितें पाण्यांत फुगतात आणि मांड थंड होऊन खळीसारखा चिकटतो. तोंडाशीं उचलतां येणारी खोल जाळी हवी. मांड व तांदुळाचें धुवण सिंकमध्यें ओतण्याऐवजीं गुरांना किंवा झाडांना द्यावें. लोणच्याचें खारट पाणी आणि ब्लीचिंग पावडर रात्रभर सिंकमध्यें राहूं देऊं नये, त्यांनीं उत्तम पोलादालाही सूक्ष्म भोंकें पडतात. हीं सर्व मापें व अटी कागदावर लिहून कारागिराच्या हातीं द्याव्या, आणि सिंक घरांत आल्यावर तें मोजून पाहूनच त्याला ओट्याचा दगड कापूं द्यावा.