आरोग्याचे ज्ञान आणि उत्तर देणारे यंत्र



पन्नास वर्षांपूर्वी नौपाड्यात कोणी आजारी पडले की घरातली मंडळी नेहमीच्या डॉक्टरांकडे जात. त्या डॉक्टरांना घरातल्या तीन पिढ्यांची दुखणी ठाऊक असत. आज गोखले रोडवरील एखाद्या इमारतीतल्या आजीबाई मोबाईलवर मराठीत किंवा गुजरातीत प्रश्न विचारतात आणि क्षणार्धात उत्तर मिळते. उत्तर देणारे यंत्र असते. त्याला चॅटबॉट म्हणतात. सोय मोठी आहे, पण त्या उत्तराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सोयीपेक्षाही मोठा आहे.

कोरोनाचा काळ आठवावा. फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला होता, की रोगाच्या साथीबरोबर चुकीच्या माहितीचीही साथ पसरत आहे. पुढे कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातला प्राणवायू वाढतो, असे संदेश घरोघर फिरले. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाच्या मायगव्ह विभागाने व्हॉट्सॲपवर कोरोना मदत कक्ष सुरू केला होता. तो मुंबईच्या हॅप्टिक या कंपनीने तयार केला होता. लक्षणे कोणती, काळजी काय घ्यावी, अशा प्रश्नांना तेथे शासनाने मान्य केलेली उत्तरे मिळत. ऑगस्ट २०२१ पासून लसीकरणाचे प्रमाणपत्रही त्याच मार्गाने मिळू लागले. यंत्र केवळ निरोप्या होते आणि निरोप कोणाचा, हे सर्वांना ठाऊक होते.

दुसरे उदाहरणही मुंबईचेच आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली स्थापन केलेली ‘अरमान’ संस्था ‘एममित्र’ उपक्रमातून गर्भवती महिलांना आणि तान्ह्या बाळांच्या मातांना विनामूल्य फोन करून, त्यांच्या भाषेत, वेळेनुरूप आरोग्यसंदेश ऐकवते. कोणती माता हे संदेश ऐकणे सोडण्याची शक्यता आहे, हे ओळखण्यासाठी गुगलच्या संशोधकांसमवेत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली गेली. अशा मातेला मग संस्थेची कार्यकर्ती स्वतः फोन करते. सल्ला जाणकारांचा आणि माणसे शोधण्याचे कष्ट यंत्राचे, अशी ही उत्तम विभागणी आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि चित्र पालटले. नवे यंत्र अफाट मजकुरावरून शिकून, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याच्या अंदाजाने वाक्य रचते. त्यामुळे बरोबर आणि चूक दोन्ही गोष्टी ते सारख्याच आत्मविश्वासाने सांगू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये ‘सारा’ नावाची आपली आरोग्य-सहायिका आणली, तेव्हा तिची उत्तरे नेहमीच अचूक असतील असे नाही, हेही तिने स्वतःच सांगितले.

अमेरिकेतील एका साठ वर्षांच्या गृहस्थांची हकीकत २०२५ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जेवणातले मीठ सोडावे म्हणून त्यांनी चॅटजीपीटीचा सल्ला घेतला आणि मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाण्यास आरंभ केला. तीन महिन्यांनी भ्रम होऊन, शेजारी आपल्यावर विषप्रयोग करीत आहे असा संशय घेत ते रुग्णालयात पोहोचले. तेथे त्यांना तीन आठवडे काढावे लागले. ते अडाणी नव्हते. आहारशास्त्राचे शिक्षण घेतलेले होते.

ही गोष्ट आपल्या घरापासून दूर नाही. आयंबिलात किंवा पर्युषणातील उपवासात आहार बदलतो, चौविहारात सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य असते. मधुमेहाच्या काही गोळ्या अथवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी नेहमीचीच मात्रा घेतली, तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. मात्रा कमी करावी की वेळ बदलावी, हे त्या रुग्णाची मूत्रपिंडे, वय आणि इतर औषधे पाहूनच ठरते. ही सर्व माहिती चॅटबॉटपाशी नसते; ती आपल्या डॉक्टरांपाशी असते. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी, निदान पंधरवडा आधी, त्यांना भेटावे.

मग यंत्र टाकून द्यावे काय? मुळीच नाही. तपासणी अहवालातील अवघड शब्दाचा अर्थ समजून घ्यावा, डॉक्टरांना काय विचारायचे याची यादी करून घ्यावी, पथ्याची सर्वसाधारण माहिती मिळवावी. मात्र औषध सुरू करणे, थांबवणे वा मात्रा बदलणे त्याच्या सांगण्यावरून कदापि करू नये. छातीत दुखू लागले तर प्रश्न टंकत न बसता तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नाव, पत्ता आणि आजाराचे कागद अनोळखी यंत्राच्या स्वाधीन करू नयेत.

आपल्या परंपरेत औषधदान आणि ज्ञानदान ही दोन्ही श्रेष्ठ दाने मानली आहेत. आरोग्याचा खरा संदेश पुढे पाठवणे म्हणजे ही दोन्ही दाने एकत्र घडणे होय. खोटा संदेश पाठवल्यास त्याचा भार पाठवणाऱ्यावरही येतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाच्या तरुणांनी आठवड्यातून एक तास ज्येष्ठांजवळ बसावे, त्यांच्या मोबाईलवरील एकेक उत्तर वाचावे आणि एवढेच विचारावे, ‘आजोबा, हे कोणी सांगितले आहे?’ हा प्रश्न विचारण्याची सवय घराघरांत रुजली, तर या वर्षाचे सार्थक होईल.